दुसऱ्या भागातलं मालवण

मालवणच्या माणसाला दोन गोष्टी उपजत येतात, पोहणं आणि गजाली मारणं. प्रितम कुबलला पोहणं बेताचंच यायचं, त्याची भरपाई देवाने दुसरीकडे केली होती. गजाल म्हणजे थाप नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं. खऱ्याला तिखटमीठ लावून ती सांगायची असते, आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की रुपयात चार आणे खरं आणि बाकी तोंडची वाफ. ती ऐकावी, हसावं, आपली एक सांगावी आणि घरी जावं. गजालीवर कोणी कधी साक्षीपुरावे मागितल्याचं ऐकिवात नाही.

बी.कॉम. होऊन २००५ साली प्रितम घरी आला. सकाळी वडिलांबरोबर होडीवर जायचा, मासळी उतरवून जेवला की बाजारपेठेत खालिदच्या सायबर कॅफेत. खालिद त्याचा पाचवीपासूनचा दोस्त. त्याचे वडील गुलामभाई काथ्याचा व्यापार करायचे. ते गेल्यावर खालिदने त्याच दुकानात सहा कॉम्प्युटर मांडले आणि आई नूरबानो मागच्या खोल्यांत राहायची. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. मग ही दोन घोडी शेजारी शेजारी बसून ‘मॉन्सून क्राउन्स’ खेळायची.

खेळ परदेशी कंपनीचा, डावपेचांचा. बंदरं बांधायची, आरमार उभारायचं, जकात घ्यायची, तह करायचे आणि जमलं तर मोडायचे. पोर्तुगीज व्हा, डच व्हा, इंग्रज व्हा, अरब व्हा. मालवणी मात्र होता यायचं नाही. गोव्याच्या वर थेट मुंबईपर्यंत नकाशात नुसती हिरवी पट्टी आणि चार माड. प्रितमला ते फार झोंबायचं.

“किल्लो खंय आसा रे आमचो?” तो पडद्यावर बोट आपटत विचारायचा.

“माड दिलेत ना? शहाळा काढून पी,” खालिद म्हणायचा.

त्याच सुमारास कंपनीने जाहीर केलं की खेळाचा दुसरा भाग निघणार, चाहत्यांनी सूचना पाठवाव्यात. चाहत्यांचा एक फोरम होता. त्यावर लिहायला नाव नोंदवावं लागे. खालिदने केव्हाच नोंदवलं होतं, त्याचं खातं दिवसभर उघडंच असायचं. प्रितम खुर्ची ओढून बसला आणि लिहीत सुटला. लिहिणारा प्रितम आणि वर नाव ‘खालिद, मालवण’. दोन दोस्तांत तुझं-माझं कोण करतो? एकाची चप्पल दुसरा घालून जायचा, तिथे खात्याचं काय घेऊन बसलात.

सुरुवातीला त्याने खरंखुरं लिहिलं. वारा कोणत्या महिन्यात कुठून सुटतो, किल्ल्याकडे होडी नेताना कोणते खडक चुकवायचे, ओहोटीला पाणी किती उतरतं. बापाकडून शिकलेलं सगळं त्याने इंग्रजीत मांडलं, आणि त्याचं इंग्रजी होतंही चांगलं. पण उत्तरं आली दोन. एकाने आभार मानले, दुसऱ्याने विचारलं की हे कोणत्या पुस्तकात आहे? प्रितम त्या दिवशी चहासुद्धा प्यायला नाही.

मग त्याने गजाल सोडली. आपला खापरपणजा काळोखात पोहत इंग्रजांच्या गलबताखाली गेला आणि कोयत्याने त्याने नांगराचा दोर कापला. गलबत खडकावर चढलं. सगळा गाव टोपल्या घेऊन धावला. आजही आमच्या किनाऱ्यावर घरटी एक तरी इंग्रजी ताटली आहे, आणि गणपतीला पाहुण्यांना आम्ही तीतच वाढतो, असं त्याने लिहिलं. खरं म्हणाल तर प्रितमच्या आजोबांकडे कपची उडालेली एक बशी होती आणि ती त्यांनी वेंगुर्ल्याच्या बाजारात घेतली होती.

फोरम वेडा झाला. आणखी सांग, आणखी सांग! प्रितमने आणखी सांगितलं. दीड वर्ष सांगितलं. खालिद मागे उभा राहून वाचायचा आणि पोट धरून हसायचा. एकदाच म्हणाला, “मेल्या, हे गोरे ह्या खरा मानतले हां.”

“मानूं देत. गजालीक कोण पुरावो मागता?”

२००७च्या दिवाळीनंतर दुसरा भाग आला. खालिदने सीडी घातली, दोघे गुडघ्याला गुडघा लावून बसले. आणि काय आश्चर्य, नकाशावर मालवण होतं! किल्ला होता, खडक होते, प्रितमने सांगितलेल्या जागीच होते. त्याच्या अंगावर काटा आला. त्याने मालवण निवडलं.

‘मालवणचे चाचे’ असं नाव झळकलं. खाली नियम. ह्यांना शहर बांधता येत नाही. व्यापार करता येत नाही. तह करता येत नाही, कारण ह्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. ह्यांना फक्त लूट करता येते. शेजारी चित्र होतं. झोपडीसमोर एक नऊवारीतली बाई चोरीच्या ताटलीत भात जेवते आहे आणि दात काढून हसते आहे.

खालिद नियम पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. प्रितमने मात्र सरळ आभाराची यादी उघडली. तिथे ‘विशेष आभार – खालिद, मालवण’ असं होतं.

“माझा नाव खंय आसा?”

आता ह्याला काय म्हणावं? आपल्या आज्या-पणज्यांना चोर ठरवलं ते बाजूला राहिलं, ह्याला टोचलं ते आपलं नाव नाही म्हणून. दोन दिवस तो कॅफेकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी खालिदनेच त्याला गाठलं. “पत्र लिवन ठेवलंय तेंका. ह्या सगळा माझा नाय, प्रितम कुबलाचा आसा म्हणान. तू एकदा बघ, मगे धाडतंय. पुढल्या वेळी नाव बदलतले.”

प्रितम खूश झाला. संध्याकाळी बघतो म्हणाला.

पण दुपारीच फोरम पेटला. पुण्या-मुंबईचे, अमेरिकेतले मराठी पोरगे तुटून पडले होते. आमच्या आरमाराला चाचे म्हणता? माफी मागा, खेळ मागे घ्या. पलीकडून गोऱ्यांची उत्तरं येत होती, इंग्रजांच्या जुन्या कागदांतही हेच लिहिलंय, आणि तुमच्या मालवणच्या माणसानेच सांगितलंय. काही जणांना कशाशीच घेणं नव्हतं, त्यांचं रडगाणं एवढंच की चाच्यांची जहाजं फार कमजोर दिली आहेत. आणि त्या सगळ्यांच्या मधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. हा खालिद कोण?

संध्याकाळी प्रितम कॅफेत गेला, त्याने ते सगळं वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. “ता पत्र धाडू नको.”

“कित्याक?”

“रवांदे आता. बगूया मगे.”

खालिदने ते पत्र पुसून टाकलं.

आठवड्याने मुंबईच्या एका पेपरात चौकट आली, त्यात नावासकट सगळं होतं. पेपर मालवणला पोचला आणि सहदेवच्या हाती पडला. सहदेव म्हणजे प्रितमच्याच वाडीतला, तरुणांच्या संघटनेचा पुढारी. कॉम्प्युटरला त्याने उभ्या जन्मात हात लावला नव्हता, पण अपमान व्हायला कॉम्प्युटर कशाला लागतो? त्याने तीसेक पोरं जमवली आणि वाटेत प्रितमला हाक मारली. “चल रे. तुका त्यातला कळता. काय लिवल्यान आसा ता वाचून दाखव.”

प्रितम गेला. पोट बिघडलंय म्हणू शकला असता, वडिलांबरोबर जायचंय म्हणू शकला असता. गेला, आणि सगळ्यांच्या पुढे उभा राहिला.

कॅफेत दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्या पिशव्या उचलून निघून गेल्या. सहदेवने पेपर टेबलावर टाकला. “खालिद, ह्या तू लिवलंस?”

खालिदने प्रितमकडे बघितलं. फार वेळ नाही, तोंडातला घोट गिळायला लागतो तेवढाच वेळ. प्रितमने नजर किबोर्डवर नेली.

“खाता माझा आसा,” खालिद म्हणाला.

मागून कोणीतरी ओरडलं, “हेंका कित्याक लाज वाटतली? पूर्वज आमचे, हेंचे थोडेच!”

हे साफ खोटं होतं. खालिदच्या घराण्यात सात पिढ्या तांडेल, म्हणजे गलबताचे मुख्य, झाले होते, त्यांच्या हाताखाली कुबलांचे पूर्वज वल्हं मारत होते, असं प्रितमचे आजोबाच सांगत, आणि ही गजाल नव्हती. प्रितमच्या जिभेवर ते आलं. पण तेवढं बोललं तर पुढचंही बोलावं लागलं असतं. त्याने जीभ आवळली. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलेली आपण ऐकतो. इथे चोर सुळी रोवायला मदत करत होता.

सहदेव काही राक्षस नव्हता. त्याने मोडतोड करू दिली नाही. इंग्रजीत माफी लिहायची, जगाला दिसेल अशी टाकायची, आणि एक कागद छापून सही करून पेपरला द्यायचा, एवढीच त्याची अट. “प्रितम, तुझा इंग्रजी बरा आसा. तू लिव, खालिद सही करतलो.”

खालिद आपल्या खुर्चीतून उठला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसला. प्रितम लिहू लागला. ‘मी, खालिद, मालवणचा रहिवासी, कबूल करतो की मी माझ्या गावाविषयी खोट्या आणि बदनामीकारक गोष्टी लिहिल्या.’ तीस माणसं पाठीशी श्वास टाकत उभी होती. एका जागी तो अडला, तेव्हा सहदेवने सुचवलं, “परत करूचंय नाय म्हणान लिव.” त्याने तेही लिहिलं. खालिदने न वाचता बटण दाबलं आणि न वाचता सही केली.

फोरमवर तासाभरात उत्तरं आली. कोणी शिव्या दिल्या, कोणी शाबास म्हटलं. एका जुन्या चाहत्याने लिहिलं, माफीवर शंका घेऊ नका, ही अगदी त्याचीच भाषा आहे, दीड वर्ष वाचतोय मी ह्याला. त्यानंतर खालिदवर नुसता संशय घ्यायला कोणी उरलंच नाही, सगळ्यांची खात्रीच झाली.

पुढे कंपनीने नमतं घेतलं. चाचे जाऊन ‘मालवणचं आरमार’ आलं, व्यापार आला, तह आले, ताटलीवाली बाई गेली. मग पलीकडचे चाहते खवळले. चार हळव्या लोकांसाठी आमचा खेळ बिघडवला म्हणाले, आणि त्यांच्याही शिव्या आल्या त्या खालिदच्याच नावाने. कॅफेवर कोणी दगड मारला नाही. लोक फक्त येईनासे झाले. बापांनी पोरींना दुसऱ्या कॅफेची वाट दाखवली, पोरं आपोआप तिकडे गेली. घर फिरलं की वासे फिरतात, इथे तर दुकान होतं.

मार्चमध्ये संघटनेने प्रितमचा सत्कार केला. मालवणची अब्रू राखल्याबद्दल शाल, श्रीफळ. सहदेवने भाषणात त्याचं नाव पाच वेळा घेतलं. कार्यक्रम उरकून प्रितम शाल हातात घेऊनच बाजारपेठेत आला. कॅफेपुढे टेंपो उभा होता. खालिदने बांद्याला मामाकडे मोबाइल दुरुस्तीचं काम धरलं होतं, आईलाही नेत होता.

नूरबानो दारात भांडी बांधत बसली होती. प्रितमला बघून तिने डोळे पुसले. “ये बाबा. तू तरी तेका सांगाक व्हया होतंस, असा लिवू नये म्हणान. तुझ्यासारखो दोस्त असतानाय ह्या झिलाक अक्कल इली नाय.”

म्हणजे आईलाही सांगितलं नव्हतं त्याने. खालिद कॉम्प्युटरचं खोकं घेऊन बाहेर आला, तसा प्रितम त्याला टेंपोच्या आडोशाला घेऊन गेला.

“खालिद, माझ्यासाठी केलंस ता मी जल्मात इसरूचंय नाय.”

“तुझ्यासाठी?” खालिदने खोकं खाली ठेवलं. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. “तुझ्यासाठी नाय रे. त्या दिवशी मी तुझा नाव घेतलंय असतंय तर कोणी खरा मानल्यान असता? आपला पाप आमच्या झिलावर ढकलता, असाच म्हटल्यानी असता. मगे दुकानय रवला नसता नि घरय रवला नसता. आवस मागच्या खोलीत होती. म्हणान गप रवलंय.”

प्रितमने शाल या हातातून त्या हातात घेतली.

“बोलाक तू व्हया होतंस. तू नुसता ‘मी लिवलंय’ म्हटलं असतंस, तर सहदेवान तुझ्या पाठीत एक धपको घातल्यान असतो. ‘मेल्या, काय गजाली मारतंस’ म्हणान सगळे हसत घराक गेले असते. तुका कायच झाला नसता.”

हे प्रितमला नवं नव्हतं. त्या दिवशी किबोर्डकडे बघत असताना त्याला नेमकं हेच कळलं होतं. मार बसणार नाही, कोणी वाळीत टाकणार नाही, फक्त तीस माणसं आपल्याला हसतील. त्या हसण्यालाच तो भ्यायला होता.

“खालिद, मी आता जावन सांगतंय सहदेवाक. आताच्या आता सांगतंय.”

“सांग,” खालिद म्हणाला आणि त्याने खोकं उचललं. “पण आता बाजूक हो. टेंपो मागे घेवचो आसा.”

प्रितम बाजूला झाला. टेंपो मागे आला, वळला आणि कुडाळच्या रस्त्याला लागला. प्रितम सहदेवच्या घरावरून गेला. सहदेव पडवीत माणसं घेऊन बसला होता, त्याने हाक मारली, “येवा सत्कारमूर्ती!” सगळे हसले. प्रितमही हसला आणि त्यांच्यात जाऊन बसला.