दात दिसणारा फोटो

फोटोग्राफरच्या आईचा एकही हसरा फोटो नव्हता. समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले, म्हणून कॅमेरा दिसला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. मुलाचा स्टुडिओ होता. रडकी पोरं, रुसलेल्या नवऱ्या, चिडके साहेब, सगळ्यांना त्याने हसवलं होतं. घरात मात्र त्याची डाळ शिजली नव्हती.

आई सत्तर वर्षांची झाली तेव्हा त्याने पुन्हा एकदा मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी बैठकीतल्या खिडकीजवळ खुर्ची मांडली, मोठा कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. आई येऊन बसली ती पासपोर्टच्या फोटोला बसावी तशी.

"आई, जरा सैल सोड."

"सैलच आहे मी. तू आटप."

स्वयंपाकघरात प्लंबर नवा नळ बसवत होता, सून त्याला पान्हे काढून देत होती. "आता बघा, थेंब गळणार नाही," असं म्हणत त्याने पाणी सोडलं आणि नळ मुळापासून निसटला. फवारा थेट त्याच्या तोंडावर. आरडाओरडा ऐकून आई खुर्चीतून उठून दाराशी गेली. प्लंबर नखशिखांत भिजलेला, आणि शांतपणे म्हणत होता, "प्रेशर मात्र छान आहे हो तुमच्याकडे."

आई हसली. मान मागे टाकून, डोळे मिटून, सगळे दात दाखवत.

मुलगा ट्रायपॉडवरून कॅमेरा सोडवायला धावला. तो हातात येईपर्यंत आईने तोंडावर हात ठेवला होता. सुनेने मात्र ओल्या हातानेच फोन उचलून फोटो काढला होता. फरशी पुसायच्या आधी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलासुद्धा.

मुलाने फोटो पाहिला. कडेला बादली, प्लंबरचं अर्धं कोपर, आईचा खांदा हललेला. "फोकस गेलाय," तो म्हणाला.

"असू दे की. आई बघा कशा हसतायत!" सून म्हणाली.

आईला दुपारी कळलं, कुणाच्या तरी हसऱ्या इमोजींवरून. तिचा चेहरा उतरला. "कुणाला विचारून टाकलास? जन्मभर झाकलं ते चारचौघांत मांडलंस. काढ आधी. फोनमधूनही काढ."

सून ओशाळली. तिने ग्रुपवरून आणि फोनमधूनही फोटो काढून टाकला. मुलाला आईची बाजू पटत होती, पण फोटो गेल्याचं त्याला थोडं बरंही वाटलं होतं, आणि ते त्याला आवडलं नाही.

संध्याकाळी मावशीचा फोन आला, आईच्या धाकट्या बहिणीचा. ती दूरच्या गावी राहायची.

"ताई, आज आपली आई दिसली गं."

"काय बोलतेस?"

"तो फोटो. हसताना ती अशीच मान मागे टाकायची. दातही तसेच. मी विसरले होते तिचा चेहरा. तू नाही विसरलीस?"

आई पलंगावर बसली. त्यांची आई या दोघी लहान असतानाच गेली होती आणि तिचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता.

"मीपण," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने मुलाला हाक मारली. "तो फोटो आण परत."

मावशीने तो आपल्या फोनमध्ये ठेवून घेतला होता, म्हणून मिळाला. मुलाने स्टुडिओत नेऊन मोठा करून पाहिला तेव्हा चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. जमेल तेवढं साफ केलं आणि शेवटी तळहाताएवढाच छापला. बादली कापली नाही.

आईने चष्मा लावून तो खिडकीच्या उजेडात धरला. बोट दातांवरून फिरवलं.

"ग्रुपवर पुन्हा टाकू का?" सुनेने जपून विचारलं.

"नको. माझ्या बहिणीला दिसला, झालं की."

फोटो तिने कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला.