समासातला म्हातारा

'ताम्रसेना' कादंबरीच्या नवव्या भागात कप्तान सुरुंग पेरलेल्या मैदानातून चंद्राकडे बघत चालत जातो आणि पलीकडे सुखरूप पोचतो. हे वाचून सुरुंगकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वाक्य पुन्हा वाचलं. वाक्य तेच होतं. चंद्राकडे बघत! सुरुंग काय चंद्रावर पुरलेत, वर बघत चालायला?

काकांनी बावीस वर्षं सैन्यात सुरुंग काढायचं काम केलं होतं. पोटावर पडायचं, सळई तिरकी धरून जमिनीत हळूच खुपसायची, काही लागलं की श्वास रोखायचा. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी तिथेच ठेवली होती. निवृत्तीनंतर ते या प्रकाशनाच्या कचेरीत आले. दुसरा मजला, हात धुवायच्या बेसिनशेजारी टेबल, आणि काम एकच: मेजरांच्या कादंबऱ्यांतल्या लष्करी चुका काढायच्या.

आता हे मेजर म्हणजे कोण? तर भरतीच्या रांगेतून छाती कमी भरली म्हणून परत आलेला माणूस. त्याने सैन्य पाहिलं ते कुंपणाबाहेरून. पण अंगात बारा खिशांचं जाकीट, त्या खिशांत खोकल्याच्या गोळ्या, आणि ऐट अशी की आत्ताच एखादा देश जिंकून, तोंड धुऊन आलाय. काकांना तो "काय जवान!" म्हणून हाक मारायचा. काका मनात उत्तर द्यायचे. ते उत्तर इथे सांगण्यासारखं नाही.

ताम्रसेनेची मूळ गोष्ट जुनी, आजीने नातवंडांना झोपवायला सांगितलेली. एका राणीसाठी एका तांबटाने सातशे तांब्याचे शिपाई घडवले, राणीने ते तळ्यात बुडवून ठेवले, गरज पडली की ते उठतील म्हणे. गोड गोष्ट होती बिचारी. मेजरांनी तिची पार वाट लावली. तांबट दुसऱ्या ताऱ्यावरून आला, शिपायांच्या छातीत अणुभट्ट्या बसल्या, आणि त्यांच्या पुढे आपला कप्तान, ज्याला आठ भागांत एकदाही जखम, भूक किंवा शंका शिवली नाही. आणि लोक ते हातोहात घेत होते! काकांनी लोकांसमोरही हात टेकले होते.

मग काका तिथे बसले होते कशाला? त्यांचं स्वतःचं एक बाड होतं म्हणून. बारा वर्षं घासूनपुसून लिहिलेलं, नाव 'मोकळी वाट'. सुरुंग काढताना गेलेल्या त्यांच्या जोडीदाराची हकिगत. पाच प्रकाशकांनी ते साभार परत केलं होतं. जोडीदाराचं मागे कोणी उरलं नव्हतं, एक बहीण सोडून. ती दर वर्षी पत्रात विचारायची, "दादाचं पुस्तक कधी येतंय?" आणि काका दर वर्षी "लवकरच" लिहायचे. शेवटी इथल्या मालकांनी शब्द दिला: "काका, मेजरांचे तीन भाग तपासून द्या, मग तुमचं छापतो." हा तिसरा भाग होता. हा एकदा हातावेगळा झाला की झालं.

पहिल्या दोन भागांच्या वेळी काकांनी चुका वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून टाचण्या लावून दिल्या होत्या. त्यांचं काय झालं? मालकांनी त्या पुस्तकात खूण म्हणून घातल्या, आणि मेजरांनी एकीवर चहाचा कप ठेवला. चूक एकही दुरुस्त झाली नाही. या वेळी काकांचं टाळकंच सरकलं. म्हणाले, चिठ्ठ्याबिठ्ठ्या नकोत, थेट समासात लिहितो, बघू कसं हरवतं ते. आणि लाल पेन उचललं. का, तर बावीस वर्षांची सवय. सुरुंग दिसला की लाल खूण करायची. लाल म्हणजे इथे पाय ठेवू नका.

पहिली टीप चंद्राशेजारी पडली: 'मेला. तिसऱ्या पावलाला मेला. पुढची दोनशे पानं कोणाची आहेत?'

मग काही हात थांबेना. कप्तान गोळीबारात उभा राहून सैनिकांना भाषण देतो. काका: 'एवढं बोलून होईपर्यंत शत्रू जेवून हात धुऊन येईल.' सात हजार वर्षं झोपलेला तांब्याचा शिपाई ताडकन उठून सलाम ठोकतो. काका: 'माझा गुडघा सकाळी दहा मिनिटं सरळ होत नाही, आणि हा बघा.' कप्तान दोन दिवस खंदकात. काका: 'या पुस्तकात कोणाला लघवीला लागत नाही का?' शेवटी शेवटी तर त्यांनी नुसतं 'अरे गाढवा' एवढंच तीन ठिकाणी लिहिलं. एकूण त्रेसष्ट टिपा झाल्या. बाड टाइप करणाऱ्या बाईंच्या टेबलावर ठेवून काका घरी गेले, आणि कित्येक महिन्यांनी शांत झोपले.

काकांना एक गोष्ट माहीत नव्हती. मेजर लिहायचे निळ्या शाईत, आणि काकांचं तपासून बाड बाईंकडे गेल्यावर मागाहून काही सुचलं की ते तिथेच समासात लाल शाईने घालायचे. कुठे घालायचं त्याची खूणही नाही. टाइपवाल्या बाईंनी आठ भागांत नियम करून टाकला होता: समासात लाल दिसलं की जवळच्या परिच्छेदाखाली घ्यायचं. बाई बोटांनी वीज होत्या, पण मजकूर वाचत नसत. "वाचलं तर वेग जातो, आणि हे वाचलं तर भूकही जाते," असं त्या उघड म्हणायच्या. म्हणजे काकांचं लाल होतं धोक्याचं, मेजरांचं लाल होतं प्रतिभेचं, आणि बाईंना दोन्ही सारखंच.

मग छपाईआधी कोणी वाचलं नाही? नाही. मेजर स्वतःची मुद्रितं कधी वाचत नसत, "मीच लिहिलंय, मला माहीत आहे" म्हणायचे. मालक फक्त मुखपृष्ठ बघायचे, त्यावर स्फोट असला की झालं. म्हणजे ज्या पुस्तकावर कचेरीतली चार माणसं जगत होती, ते वाचणारा एकटा काकाच होता, तोही दात-ओठ खात.

पुस्तक बाजारात गेलं. नवव्या दिवशी मालकांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. समोर मेजर बसलेले, चेहरा पडलेला. मालकांनी पान उघडून वाचून दाखवलं: "कप्तान चंद्राकडे पाहत निर्भयपणे पुढे निघाला. मेला. तिसऱ्या पावलाला मेला. पुढची दोनशे पानं कोणाची आहेत?"

संपलं, काकांना वाटलं. बारा वर्षं गेली पाण्यात. आता जोडीदाराच्या बहिणीला काय लिहू?

"हे तुमचं?" मालकांनी विचारलं.

"माझं. पण ते छापायला नव्हतं हो, ते सांगायला होतं..."

"काका, पत्रांचा पाऊस पडलाय!" मालकांनी टेबलावरचा ढीग थोपटला. "लोकांना वाटतंय कप्तानाच्या डोक्यात ताम्रसेनेचा जुना सेनापती बोलतोय. सात हजार वर्षांचा, वैतागलेला. त्यांनी नावही ठेवलंय, समासातला म्हातारा. एका बाईंनी लिहिलंय, आठ भागांत पहिल्यांदा कोणीतरी माणसासारखं बोललं."

समासातला म्हातारा! वाचकांना अक्कल नसते हे काकांचं मत पक्कं होतं, ते थोडं हललं. थोडंच.

मेजर घसा साफ करून म्हणाले, "तशी ती कल्पना माझ्या मनात आधीपासून होतीच."

"हो का!" काका म्हणाले. "मग गुडघा कोणाचा दुखतो तेही सांगा ना."

मालकांनी दोघांना आवरलं आणि मुद्द्यावर आले. दहाव्या भागाला म्हातारा हवा, भरपूर हवा. काकांनी शिव्या घालायच्या, मेजरांनी शौर्य. आणि शब्द दिल्याप्रमाणे 'मोकळी वाट' सोमवारी टाइपिंगला. "मला वाचायला सवड झाली नाही," मालक म्हणाले, "पण मेजरांनी काल रात्रीत वाचून काढलं."

काकांच्या कपाळाची शीर उडाली. त्या माणसाच्या हातात जोडीदार? खोकल्याच्या गोळ्यांच्या खिशात?

मेजर उठले. डोळे खरंच पाणावले होते त्यांचे. काकांचा तो तीन बोटांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "जवान, काय लिहिलंयस! तुझा जोडीदार मरताना जे बोलतो ना, ते मला का सुचलं नाही? शपथेवर सांगतो, अगदी माझ्यासारखं लिहिलंयस तू."

कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. काका बाड उचलून घरी आले. बायको विचारते, "अहो, काय झालं? छापणार नाहीत का?" तर म्हणाले, "छापणार आहेत. त्याचंच झालंय." आणि जेवणाच्या टेबलावर बाड उघडून बसले. माझ्यासारखं म्हणे! त्या भुसनळ्याला खरं आणि खोटं यातला फरक तरी कळतो का? दाखवतो ना, ओळ न ओळ दाखवतो.

एकशे बेचाळिसावं पान निघालं. जोडीदाराचा पाय सुरुंगावर पडतो. धूर. काका धावत जातात, त्याचं डोकं मांडीवर घेतात. आणि जोडीदार बोलायला लागतो. देशाबद्दल, कर्तव्याबद्दल, बहिणीबद्दल. काकांनी ओळी मोजल्या. अकरा.

पोट फाटलेला माणूस अकरा ओळी बोलतो! मेजरांच्या बाडात हे असतं तर काकांनी काय लिहिलं असतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी मागची पानं चाळली. कोणी घाबरत नव्हतं. कोणाला भूक लागत नव्हती. सगळे एकमेकांकडे बघून मंद हसत होते. बारा वर्षं घासून घासून त्यांनी एक तांब्याची पलटण उभी केली होती, आणि तिच्या आघाडीला स्वतःला उभं केलं होतं. आणि हे लिहिणारा माणूस दुसऱ्याला गाढव म्हणत होता. स्वतःची इतकी किळस काकांना आयुष्यात कधी आली नव्हती.

बायको चहा ठेवून गेली. त्यांनी लाल पेन काढलं. अकरा ओळींशेजारी लिहिलं: 'खोटं. तो काहीच बोलला नाही. नुसता ओरडत होता. आणि तू धावत गेला नाहीस, वाट तपासलेली नव्हती म्हणून पडून राहिलास.' पेन थांबलं. मग त्यांनी वरच्या ओळीपाशी, जिथे 'त्या सकाळी जोडीदार हसत पुढे निघाला' असं होतं, तिथे अगदी बारीक अक्षरात लिहिलं: 'त्या दिवशी पुढे जायची पाळी तुझी होती. पोट दुखतंय म्हणालास.'

सोमवारी त्यांनी बाड टाइपवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. नवव्या भागानंतर बाई धसक्याने सगळं विचारून घ्यायच्या. त्यांनी पानं भराभर उलटली. पहिली एकशे एक्केचाळीस पानं स्वच्छ होती. पुढच्या पानावर त्या थांबल्या.

"काका, हे लाल घ्यायचंय की नुसतं सांगायला आहे?"

काकांना बहिणीचं अक्षर आठवलं, 'दादाचं पुस्तक' लिहिताना ती जरा मोठं काढायची ते. पहिली प्रत तिलाच जायची होती. अजून वेळ होता. "सांगायला आहे" म्हटलं की अकरा ओळी जशाच्या तशा छापून येणार होत्या, मेजर पुन्हा रडणार होते, बहीणही रडणार होती आणि सगळं छान होणार होतं.

"घ्या," ते म्हणाले. "आणि त्याशेजारच्या अकरा ओळी गाळा."

बाईंनी कागद उभ्या फळीला लावला, बोटं कळांवर ठेवली, पण बोटं हलली नाहीत. इतक्या वर्षांत काकांनी बाईंना पहिल्यांदाच वाचताना पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी मान वर केली.

"खरंच दुखत होतं का पोट?"

बेसिनचा नळ गळत होता. आत मालक कोणालातरी फोनवर म्हाताऱ्याचं कौतुक सांगत होते.

"नाही," काका म्हणाले.

बाईंनी कागद फळीवरून काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला. "मग ते लिहायचं राहिलंय," त्या म्हणाल्या.