पाणी संपलेला दिवा

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, तरी सासरे आपल्याशी एकूण किती वाक्यं बोलले हे सूनबाईला बोटांवर मोजता आलं असतं. माणूस वाईट नव्हता. एकतीस वर्षं शिशाच्या खाणीत काढलेली, त्यातली शेवटची चौदा मुकादम म्हणून. खाण बंद पडली, पण गाव त्यांना मुकादमच म्हणत राहिलं. जमिनीखाली शंभर माणसांवर आवाज चढवणारा हा गृहस्थ घरात सून समोर आली की भिंतीला चिकटून चालायचा. तिला काही सांगायचं असलं तर बायकोमार्फत. ती समोर बसलेली असतानाच म्हणायचे, "तिला म्हणावं, चहा छान झालाय."

"अहो, ती काय परगावी राहते का?" सासूबाई वैतागायच्या. "तुम्हीच सांगा की!"

मग मुकादम पेपर तोंडासमोर धरायचे.

सूनबाई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रक्त, थुंकी, लघवी. दिवसाला साठ-सत्तर बाटल्या तिच्या हाताखालून जायच्या. तिला बोलायला आवडायचं. पण नवरा बोटीवर, तो सहा-सहा महिने समुद्रात. सासूबाई लवकर झोपणाऱ्या. आणि सासरे असे.

त्या वर्षी नगरपालिकेनं जुनी खाण लोकांना पाहायला खुली करायचं ठरवलं. वरच्या पातळीचा नकाशा शिल्लक होता, दुसऱ्या पातळीचा वाळवीनं खाल्ला होता. ती पातळी डोळे मिटून फिरू शकेल असा माणूस गावात एकच. मुकादमांनी काम आनंदानं घेतलं, पण मोजायचं म्हणजे टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं.

"हिला न्या," सासूबाई म्हणाल्या.

"हिला म्हणजे कोणाला?"

"घरात तुमच्या-माझ्याशिवाय अजून कोण आहे? माझा गुडघा मला जिना चढू देत नाही, खाण कुठली उतरू देणार?"

रविवारी सकाळी नऊ वाजता दोघं बोगद्याच्या तोंडाशी उभे होते. पालिकेनं दोन हेल्मेटं, कपाळावर बांधायचा एक विजेचा दिवा आणि हातात धरायची एक जादा बॅटरी दिली होती. कपाळावरचा दिवा सूनबाईला मिळाला. मुकादमांनी पिशवीतून स्वतःचा काढला: मुठीत मावेल एवढा पितळी, मागे आकडा, पुढे वाटीसारखा चकचकीत आरसा आणि आरशाच्या मधोमध बारीक भोकाची चोच.

"हा कशावर चालतो, बाबा?" तिनं विचारलं. ती थेट विचारत होती आणि मध्ये सांगायला सासूबाई नव्हत्या. मुकादमांची पंचाईत झाली.

"कार्बाइड," ते दिव्याला उद्देशून म्हणाले. खालचा डबा फिरवून काढला, त्यात राखाडी खडे टाकले. "हे खाली. वर पाणी. ही कळ सरकवली की पाणी थेंबाथेंबानं खाली पडतं, त्याचा गॅस होतो, तो इथून बाहेर येतो."

"फळवाले चोरून केळी पिकवतात, तेच ना हे?"

"तेच. वासही तोच, लसणासारखा." त्यांनी आरशावर तळहात दाबून धरला, क्षणभर गॅस साठू दिला आणि हात झटक्यानं बाजूला ओढला. हाताखालचं चाक फिरलं, ठिणगी पडली, 'फट्' असा आवाज आला आणि चोचीतून पांढरी ज्योत सुस्स करत बाहेर आली. सूनबाई दचकली. मुकादमांच्या मिशा किंचित हलल्या.

"माझ्या आजोबांच्या वेळी टोपीला चिखलाचा गोळा थापून त्यात मेणबत्ती खोचायचे," ते चालता चालता म्हणाले. "मग तेलाचे दिवे आले. धूर इतका, की नाक शिंकरलं तर काजळ. मग हा आला. लोकांनी पोरांचे केले नसतील एवढे याचे लाड केले. कोळशाच्या खाणीत मात्र उघडी ज्योत न्यायची सोय नव्हती, तिथली हवाच पेटायची. आपल्या शिशाला ती भीती नाही."

सूनबाईनं मनात मोजलं. सात वाक्यं, ती पण एका दमात.

काम सुरू झालं. ती टेपचं टोक भिंतीला लावून उभी राहायची, ते आकडा सांगायचे, ती वहीत लिहायची. दर दहा मीटरवर खडूनं खूण. खडू आणि पेन्सिली तिनं प्रयोगशाळेतल्या एका नव्याकोऱ्या, रुंद तोंडाच्या नमुन्याच्या बाटलीत भरून आणल्या होत्या. तिच्या घरात मीठ-मोहरीसुद्धा त्याच बाटल्यांत असायची. वाटेत एक उभा खड्डा लागला. त्यावर पालिकेनं नवी जाड फळी टाकली होती. मुकादमांनी आधी स्वतः पलीकडे जाऊन फळी नीट आहे हे पाहिलं, मग तिला बोलावलं. पुढचा भाग मोजण्यात दोन तास गेले.

परत फिरताना फळी ओलांडायच्या आधीच मुकादमांचा हात एका गंजक्या खिळ्यावर घासला. तळव्याला चांगला दोन बोटं लांबीचा ओरखडा.

"दाखवा."

"काही नाही झालं."

"बाबा, हात पुढे करा!" हा तिचा दवाखान्यातला आवाज होता. त्या आवाजापुढे भलेभले बाही वर करायचे. मुकादमांनी हात पुढे केला. तिनं पाण्याची बाटली उघडली आणि जखमेवर धार धरली.

"अगं, एवढं पाणी..."

"गंज आहे. वाहत्या पाण्यानंच धुवायला हवं." बाटली रिकामी होईपर्यंत तिनं हात सोडला नाही. रुमाल बांधला, समाधानानं उठली आणि छताच्या लाकडी तुळईवर तिचं डोकं दाणकन आपटलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. कपाळावरचा दिवा मात्र पट्ट्यातून निसटला, घरंगळत खड्ड्याकडे गेला आणि आत पडला. टक. टक. बऱ्याच वेळानं आणखी एक टक.

"गेला," मुकादम म्हणाले. आवाजात दुःख फारसं नव्हतं. "बॅटरीवाल्यांचं हे असं."

पिशवीतली जादा बॅटरी काढली तर ती मेलेली. टेपच्या डब्याखाली तिचं बटण दाबलं गेलं होतं आणि सकाळपासून ती पिशवीच्या आतच उजेड पाडत होती.

"असू दे," मुकादम ऐटीत म्हणाले, "आपला आहे ना!" आणि जणू नाव घेतल्याचीच वाट पाहत असल्यासारखी त्यांच्या दिव्याची ज्योत लहान होऊ लागली. "तीन तास झाले. खडे संपले असतील. नवे भरतो. बस तू खाली, दिवा विझवावा लागेल."

अंधार झाला. डोळे उघडे की मिटलेले हेही कळू नये असा. त्या अंधारात मुकादमांचे हात सराईतपणे चालत होते. डबा फिरल्याचा आवाज, जुन्या खड्यांचा उरलेला चुना झटकल्याचा आवाज, नवे खडे पडल्याचा आवाज.

"हं. वरचं पाणीही संपलंय. पाणी दे."

सूनबाईनं अंधारात बाटली उलटी करून हलवली.

"पाणी, पाणी. बाटली."

"बाबा, पाणी नाहीये."

"थेंबभर असेल."

"सगळं तुमच्या हातावर ओतलं."

ही पातळी खडखडीत कोरडी. गेल्या पन्नास वर्षांत इथे छतातून थेंब गळाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"चूक माझी," ते शेवटी म्हणाले. "पाणी राखून ठेवणं मुकादमाचं काम."

"आपण परतलो नाही तर आई सहा वाजता पालिकेत कळवतील ना?"

"कळवेल. आता बारा वाजलेत. सहा तास इथे गारठत बसायचं, आणि मग अख्खा गाव दोर घेऊन मुकादमाला शोधायला येणार." त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "पण तुला अंधारात त्या फळीवरून नेणार नाही. ते जमायचं नाही."

"तुमच्या वेळी माणसांचं पाणी संपायचं नाही का?"

"संपायचं की."

"मग काय करायचे?"

मुकादम खोकले. पुन्हा खोकले. "करायचे काहीतरी. ते काही सांगण्यासारखं नाही."

सूनबाईनं क्षणभर विचार केला. आणि मग तिला असं हसू फुटलं की बोगदाभर घुमलं.

"बाबा! एवढंच ना? अहो, मी रोज सत्तर लोकांची लघवीच तर तपासते! ही घ्या बाटली, खडू काढून ठेवलेत. टेपचं टोक हातात धरा, खड्ड्याच्या उलट्या बाजूला वळणापर्यंत जा. आणि हो, तपासणीला लागते तशी मधली धार वगैरे काही नको, कशीही चालेल."

अंधार होता हे बरं. मुकादमांचे कान लाल झालेले कुणाला दिसले नाहीत. टेप करकरत उलगडत गेला आणि थांबला. पाच मिनिटं गेली. मग आणखी पाच.

"बाबा?"

"थांब जरा."

आणखी वेळ गेला. "होत नाहीये," वळणाआडून आवाज आला. त्या आवाजात आता मुकादम नव्हता, एक थकलेला म्हातारा माणूस होता.

सूनबाईचं हसू थांबलं. "आता लाजेनं होत नाहीये, की एरवीही त्रास होतो?"

वळणाआडून टेप करकरला. "एरवीही. रात्री चार-पाचदा उठतो. उभा राहतो, राहतो, आणि थेंब-थेंब... वर्ष होत आलं."

"आईंना ठाऊक आहे?"

"नाही. कुणालाच नाही. काय सांगायचं? काही भलतंच निघालं तर?"

"वर गेल्यावर बघू," ती शांतपणे म्हणाली. "बहुतेकदा भलतं काही निघत नाही. तुमच्या वयाच्या निम्म्या पुरुषांना होतं हे, आणि सगळे असेच लपवतात. या इकडे. बाटली द्या."

"कशाला?"

"आता माझा नंबर."

"छे छे छे! अगं, तू..."

"सहा तास बसायचंय का?"

टेप धरून ती वळणाकडे गेली. मागे मुकादम एकटे उभे राहिले. सुनेला संकोच वाटू नये म्हणून काय करावं ते त्यांना सुचेना. आणि मग त्यांनी खाणीतल्या आवाजात, जिवाच्या आकांतानं, पाढा म्हणायला सुरुवात केली.

"एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!"

बोगदा दणाणला. चोक, पंचे, सक पार पडले.

"एकोणतीस सत्ते दोनशे चार!"

"दोनशे तीन, बाबा!" वळणाआडून आवाज आला.

"दोनशे तीन! एकोणतीस अठ्ठे..." आणि तिथे मुकादमांचा पाढा तुटला, कारण त्यांना हसू आवरेना. ते भिंतीला टेकून हसत होते, रुमाल बांधलेल्या हातानं डोळे पुसत होते, आणि वळणाआडून तीही हसत होती, "अहो, हसवू नका, सांडेल!"

दिवा भरला. तळहात, झटका, 'फट्'. ज्योत पेटली, पहिल्यासारखीच पांढरीशुभ्र. पण वास! दोघांनीही नाक दाबलं.

"तीस वर्षांनी आला हा वास," मुकादम छताकडे बघत म्हणाले.

फळी ओलांडून ते अर्ध्या तासात बाहेर आले. उन्हात आल्यावर मुकादम जरा घुटमळले. "हे कुणाला..."

"नमुना कुणाचा हे सांगायची आमच्याकडे पद्धत नाही," सूनबाई म्हणाली.

पण घरी सासूबाई होत्या. खाणकामगाराची मुलगी, खाणकामगाराची सून, खाणकामगाराची बायको. धुवायला दिवा उचलला, नाकाजवळ नेला, आणि भुवया उंचावून दोघांकडे पाहिलं.

"पाणी संपलं वाटतं."

मुकादमांनी पेपर शोधला. तो नेमका त्यांच्याच खाली होता.

"माझ्या बाबांचा दिवा महिन्यातून दोनदा तरी असा यायचा," सासूबाई दिवा घेऊन मोरीकडे निघाल्या. "लाजायचं काय त्यात? गिळून बसण्यापेक्षा बरं."

मुकादम उठून बायकोच्या मागे मोरीत गेले आणि दार लोटून घेतलं. ते वर्षभराचं दुखणं सांगायला त्यांना पाऊण तास लागला. बाहेर सूनबाईला सासूबाईंचा आधी चढलेला, मग रडवेला, मग पुन्हा चढलेला आवाज ऐकू येत राहिला.

गुरुवारी ती त्यांना आपल्याच दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीला गर्दी होती, दोन तास बाकावर बसावं लागलं. त्या दोन तासांत मुकादमांनी तिला पहिल्या पातळीवरून तिसऱ्या पातळीपर्यंतची सगळी माणसं सांगितली: दिव्याच्या ज्योतीवर डबा गरम करणारा लोहार, काजळीनं छतावर बायकोचं नाव लिहिणारा सुतार, विझलेल्या कार्बाइडचा चुना नेऊन घर रंगवणारा तोफखान्या, जो सुरुंग उडवायचा. बाजूचा रुग्ण स्वतःचा नंबर विसरून ऐकत होता. डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाहिलं, भलतं काही नाही म्हणाले. गोळ्या दिल्या. महिन्याभरात मुकादम रात्री एकदाच उठू लागले.

तपासणीच्या पुढच्याच आठवड्यात बोटीवरून नवऱ्याचा फोन आला होता. आधी वडिलांशी बोलला, मग बायकोशी.

"बाबा माझ्याशी अर्धा तास बोलत होते," तो घाबरून म्हणाला. "काय झालंय त्यांना?"

"काही नाही. गोळ्या चालू आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या पातळीचं मोजमाप आणखी तीन रविवार चाललं. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून दोघं आकडे चढवत बसायचे. शेवटच्या दिवशी मुकादमांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागदावर बोट आपटलं.

"हा सात आहे की एक? असा आकडा काढतात? खाणीत असतीस तर मी तुला त्याच पावली वर पाठवलं असतं!"

ते पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले होते. "तो सातच आहे," सूनबाई खोडरबर उचलत म्हणाली, "चष्मा खाली घ्या आणि नीट बघा."