मल्लव्वाचा नववा महिना

मल्लव्वाला मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात, सुखरूप, डोकंभर केस, आवाज खणखणीत. आता हे वाचलंच नाही असं धरा. निवाऱ्यातही तसंच धरलं होतं.

मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीमागं हा निवारा सुरू झाला तेव्हा दोन खोल्या होत्या. एक पोटुशींची, एक बाळंतिणींची. घर नसलेली, घरानं हाकललेली बाई यायची, बाळंत व्हायची, लेकराची मान सावरेपर्यंत राहायची. संस्थापक अण्णासो स्वतः सायकलवरून दूध आणायचे. मग एका पोटुशीचं डोहाळजेवण घातलं, फोटो मोबाइलवर फिरला आणि संस्था वाढायला लागली. कुणी लेकाच्या वाढदिवसाला, कुणी तर वडिलांच्या वर्षश्राद्धाला इथं डोहाळजेवण घालू लागलं. हॉल झाला, झोपाळा झाला, पार्किंग झालं. थर्मोकोलची चंद्रकोर ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा ती बाळंतिणींच्या खोलीत गेली आणि बाळंतिणी एस.टी. स्टँडवर गेल्या. जाताना ओटी मात्र भरत. नारळ चांगला मोठा देत.

मल्लव्वा चिकोडीकडची. नवऱ्यानं दर्शनाला म्हणून नृसिंहवाडीला आणलं, प्रसादाच्या रांगेत उभं केलं आणि ‘आलोच’ म्हणून गेला. प्रसाद संपला, रांग संपली, तो काही आला नाही. पोटुशी मल्लव्वा मग या निवाऱ्यात आली. दवाखान्यातून ती मुलगी घेऊन निवाऱ्यात परतली तेव्हा तिथं एकही पोटुशी उरली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी डोहाळजेवणाचं बुकिंग होतं.

“ऱ्हायचं हाय न्हवं?” अण्णासोंनी विचारलं.

“व्हय अण्णा. कुठं जाऊ?”

“मग तुला नववा चालूच हाय. उशी बांध.”

नववा लांबला. मुलगी पालथी पडली, नववा. तिला दात आला, तरी नववाच. थर्मोकोलच्या चंद्राखाली, स्वयंपाकीण शालूबाईच्या नजरेत ती वाढत होती. शिस्त एकच, कार्यक्रमात रडायचं नाही. जन्मच झाला नसताना रडणं बरं दिसत नाही. बाहेर मल्लव्वा हिरव्या साडीत झोपाळ्यावर बसे आणि झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडे. बर्फी निघाली तर मुलगी, पेढा निघाला तर मुलगा. दोन्ही वाट्यांत पेढाच असे. पाहुण्यांचं मन मोडणं अण्णासोंना जमत नसे.

“अक्का, हिचं बारसं कवा करायचं?” ती शालूबाईला विचारी.

“आधी जन्मू तर दे की तिला,” शालूबाई भाकरी थापत म्हणे.

त्या दिवशी गुळाचे व्यापारी बापूसो नातवाच्या वाढदिवसाला आले होते. मल्लव्वानं वाटी उघडली. पेढा. टाळ्या झाल्या. टाळ्या ऐकून मुलगी आतून रांगत निघाली, ती थेट झोपाळ्यापाशी. भूक लागलेली. आईची साडी धरून उभी राहायला गेली, निऱ्या ओढल्या आणि उशी खाली पडली.



“अण्णासो,” बापूसो म्हणाले, “पेढा निघालता की वो. मग पोरगी कशी?”

मल्लव्वानं मुलीला उचललं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, पदराखाली घेतलं.

अण्णासोंनी माईक हातात घेतला. “आपली भगिनी आत्ताच बाळंत झाली. जोरदार टाळ्या!” टाळ्या पडल्या. मग माईक बंद करून ते मल्लव्वाकडं वाकले. “बाळंतिणीला जागा न्हाय, म्हाईत हाय न्हवं? सकाळी नारळ घे.”

“अण्णा, एवढ्याशा लेकराला घेऊन स्टँडवर बसू?”

“अर्ज कर. मीटिंगला ठेवतो.”

मल्लव्वाला कानडीच लिहिता येत होतं. म्हणून शालूबाईनं कार्यक्रमपत्रिकेच्या मागं लिहून दिलं:

‘मा. अध्यक्षसाहेब यांसी. विषय: जन्म स्थगित करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माझ्या मुलीचा जन्म आपल्या कार्यक्रमात अनवधानाने झालेला आहे. तरी सदर जन्म अन्यत्र राहण्याची सोय होईपर्यंत स्थगित ठेवण्यात यावा व मला नववा महिना पूर्ववत मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.’