एकतीस आणि एक

पायरीसमोर डांबरावर पांढऱ्या रंगाची एक चतकोर उरली होती... आधी, महामारीत, पूर्ण वर्तुळ होतं, गिऱ्हाइकाने त्याच्या आत उभं राहायचं, मग ते अर्धं झालं, आता ही एवढी चतकोर, आणि सकाळी शटर वर करताना सुजितची नजर तिच्यावर जाते म्हणजे जातेच. पाच वर्षांत गल्ली दोनदा खोदली, एकदा वरून डांबरही पडलं, पण ते नेमकं इथवर येऊन थांबलं. सगळ्या गल्लीतली वर्तुळं पुसली गेली आणि माझ्याच दारातलं तेवढं राहावं — असं मनात येतं आणि लगेच स्वतःचाच राग येतो, कारण रंगाला काय कळतंय. तो आत वळला आणि लेसची रिळं उगाचच पुन्हा लावायला लागला.

गल्ल्याशेजारी तो कागद होता. त्यावर बटणांची बरणी ठेवली होती, उडू नये म्हणून... की दिसू नये म्हणून?

कॅम्प दोनमधली ही गल्ली पूर्वी अशी नव्हती. शेअर रिक्षा अगदी पायरीला खेटून थांबायच्या, टेम्पो मागे घेताना क्लीनर कुणाच्या ना कुणाच्या फळीवर थाप मारून ओरडायचा, गिऱ्हाइकाला भाव दोनदा सांगावा लागायचा. मग महामारीत गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले, पुढे बांबूंच्या जागी लोखंडी खांब रोवले गेले, रिक्षा स्टँड नाल्यापलीकडे गेला, आणि महामारी संपली तरी खांब काढायचं कुणाला सुचलं नाही. आता भर दुपारी मधोमध एखादी मुलगी सायकल शिकते, संध्याकाळी सिंधी म्हातारे खुर्च्या टाकून बसतात, बायका रमतगमत चालतात. चालणारी बाई थांबते, रिक्षातली थांबत नाही, आणि सुजितचा धंदा म्हणजे बटणं, चेन, अस्तर, लेस — सगळा थांबणाऱ्या बाईवर चालणारा. या पाच वर्षांत त्याला गल्ली पहिल्यांदा आपली वाटली होती, हे त्याने किर्तीलासुद्धा, म्हणजे बायकोलासुद्धा, कधी सांगितलं नाही.

समोर हरेशचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. कापडाचे तागे खांबांपाशी उतरतात, हमाल इतक्या लांब यायला कटकट करतात, मग हरेश स्वतःच खांद्यावर घेऊन येतो, कमरेला पट्टा बांधून. सोमवारी तो चहा पिताना सहज बोलून गेला होता की खांब निघाले नाहीत तर दिवाळीनंतर दुकान बंद करणार, बदलापूरच्या रस्त्याला गाळा बघून ठेवलाय. वीस वर्षं समोर असलेला माणूस इतक्या सहज हे बोलतो याचाच सुजितला धक्का बसला होता.

आणि आता हा कागद. गल्ली आहे तशी ठेवायची की गाड्यांना उघडायची, हे दुकानदारांनीच सांगायचं होतं, आणि संघटनेच्या धर्मेशने पद्धत काढली ती महामारीतलीच, समोरासमोरच्या दुकानांची जोडी धरायची. जोडीचा एक कागद, एक खूण, खाली दोघांच्या सह्या. जोडीत भांडण असेल तर कागद बाद. सकाळीच हरेश येऊन कागद ठेवून गेला, खाली सही केलेली, वरचे दोन्ही चौकोन कोरे. टिक तू कर म्हणाला, तू करशील ती मला चालेल. चार वाजता धर्मेश गोळा करायला येणार.

असं कोणी करतं का? स्वतःची कमर, स्वतःचं दुकान दुसऱ्याच्या पेनावर सोडून मोकळा... पण हरेश करतो, कारण हरेशच्या मते सुजित म्हणजे भाऊ. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो — ह्याने त्या दिवशी मला सांभाळलं. त्या दिवशी म्हणजे दुकान सील झालं तेव्हा सुजितने दिलेला चहा, दुसरं काय असणार. प्रत्येक वेळी हे ऐकताना सुजितच्या मानेखालून काहीतरी गार सरकत जातं.

कारण चहाच्या आधीची सकाळ.

त्या साली सम-विषम होतं. सुजितची बाजू विषम तारखांना उघडायची, हरेशची सम. एक दिवस हा, एक दिवस तो, अंगवळणी पडलं होतं, तारीख कोणी बघतही नव्हतं. पण जुलै असतो एकतीस दिवसांचा. एकतीस विषम, आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. लागोपाठ दोन दिवस सुजितच्या बाजूचे. त्याने ते आठवडाभर आधीच हेरून ठेवलं होतं, कॅलेंडरवर पेन्सिलीने, आणि कुणाकडे काढलं नव्हतं. एक तारखेला सकाळी समोर हरेशने शटर वर केलं — काल बंद होतं, आज आपला दिवस, असंच समजून. मधे गाडी नाही, माणूस नाही, नुसती बारा पावलांची गल्ली. अरे, आजही आमचाच आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी बघितलं आणि मान खाली घालून लेसच्या खोक्यात हात घातला. का? दोन महिने घरात सडल्यावर मिळालेला तो जादा दिवस मला एकट्याला हवा होता म्हणून, आणि हरेश आपोआप पकडला गेला तर मी काहीच केलेलं नसेल, म्हणून... अकरा वाजता पालिकेचं पथक आलं. सील लागलं. हरेश पायरीवर बसून राहिला, उन्नती, त्याची मुलगी, बापाचा डबा घेऊन आली ती तशीच उभी. मग मी चहा नेला.

एक वाजता अंबरनाथहून वडिलांचा, आण्णांचा फोन आला, रोज येतो तसा. दुकान आण्णांनी उभं केलेलं. रिक्षा पायरीशी यायची तोवर ऐंशीच्या घरातला हा माणूस रोज यायचा. खांब आल्यावर दोनदा आले, दुसऱ्यांदा अर्ध्या गल्लीत रस्त्यावरच बसले. आता उघडणार का रे गल्ली, असं त्यांनी विचारलं. बघू, असं सुजित म्हणाला. गल्ली उघडली तर आण्णा येतील, बरण्यांच्या जागा बदलतील, गिऱ्हाइकासमोर त्याला शिकवतील... हे मनात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. बापाला घरी बसवायला लोखंडी खांब लागतात मला.

पावणेचारला एक बाई ब्लाउजसाठी हुक घेऊन गेली. सुट्टे तिने परत दिले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण तिला जास्त दिलेत. पेन त्याने तीनदा उघडलं, तीनदा बंद केलं. उघडी करावी, अशी खूण केली की हरेश राहील, आण्णा येतील, फिटलं. पण काय फिटलं? हरेशला तर ठाऊकच नाही काही देणं होतं म्हणून. त्याला भावाचं प्रेम वाटेल, आणखी एक चहा. नाही, आधी सांगायला हवं. सांगून मग खूण. तो कागद घेऊन उतरला आणि गल्ली ओलांडली.

हरेश ताग्याला टेकून उभा होता, एक हात पट्ट्यावर.

"हरेश, त्या एक तारखेला तू शटर उघडलंस ना... मी बघितलं होतं."

"मग? मी पण बघितलं तुला बघताना."

पुढचं वाक्य सुजितने पाच वर्षं जुळवलं होतं.

"मेरेको मालूम होता ना," हरेश म्हणाला, "एकतीसच्या नंतर एक. कॅलेंडर माझ्याकडे पण आहे, यार. घरात बसून डोकं फिरलं होतं, बोललो खोलूया, होईल ते होईल. तू एक आवाज दिला असतास ना, शरमेने बंद केलं असतं. दुसरा कोण असता तर पूरी गल्ली गोळा केली असती. तू बघून न बघितल्यासारखी मान खाली घातलीस. तेवढंच मी धरून आहे."

"चहा..." सुजित म्हणाला.

"चहा काय, चहा कोणीपण पाजतो."

आता बोलायला हवं होतं. तसं नव्हतं रे, एवढंच. पण हरेशचा चेहरा इतका निवांत होता, कमरेच्या दुखण्यातही निवांत, आणि ते तीन शब्द म्हणजे त्याच्या हातातून काहीतरी ओढून घेण्यासारखं होतं. की हीही पळवाटच? सुजितने ती सकाळ पुन्हा समोर आणली — बारा पावलं, शटरचा आवाज, खाली गेलेली मान. तीच मान, तेच खोकं. कॅलेंडरवरची पेन्सिलीची खूण मात्र कुठे दिसेना. ती होती, त्याला माहीत होतं की ती होती.

दोन दुकानं अलीकडे धर्मेशचा आवाज आला, कागद द्या म्हणत होता. दोन्ही चौकोन कोरेच होते. आपण त्याला सांभाळूनच घेतलं होतं, असं सुजितने मनात एकदा म्हणून पाहिलं. मग पुन्हा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी ते जवळजवळ खरं वाटलं, आणि तो कागद धरून तिथेच उभा राहिला, कारण तिसऱ्यांदा म्हटलं तर ते पुरतं खरं होईल, अशी त्याला भीती वाटली.