तीनशे एकोणीसचा गंधार

शशिकांत उमरीकर नोव्हेंबरात गेला. सकाळी अंघोळ करून आला, पंख्याखालच्या खुर्चीत बसला, आणि सुलभा उपम्याची बशी घेऊन बाहेर आली तेव्हा त्याची मान एका बाजूला कलली होती. अठ्ठावन्न वर्षांचा होता. सुलभाने बशी टेबलावर ठेवली, शेजारच्यांना हाक मारली, मुलीला सिकंदराबादला फोन लावला. पुढचे तेरा दिवस आल्यागेल्यांचं चहापाणीही तिनेच पाहिलं. बायका म्हणाल्या, धीराची आहे.

धीर वगैरे काही नव्हता. काहीच नव्हतं. ती वेळेवर उठायची, वेळेवर स्वयंपाक करायची, हार्मोनियम शिकायला येणाऱ्या मुलींना दारातूनच सांगायची, सध्या बंद आहे. एकदा कुकरच्या वाफेने बोट भाजलं. नळाखाली धरून ती बोटाकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं. श्रुती दर रविवारी सिकंदराबादहून हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या घरी यायची आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत बसायची.

"तुला काय होतंय, आई?"

"काही होत नाही," सुलभा म्हणायची, आणि ते खरंच होतं.

फेब्रुवारीत श्रुतीला मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. अभिजीत नावाच्या एका पुणेरी मुलाला एर्रगड्ड्याच्या रविवार बाजारात जुन्या टीव्ही गेमची कॅसेट सापडली होती. कॅसेट म्हणजे ती पिवळी, प्लास्टिकची, सेटमध्ये वरून खुपसायची. त्यात सायकलवरून टपाल वाटणाऱ्या पोस्टमनचा खेळ होता. गल्लीतली कुत्री चुकवायची, पत्रं दारात टाकायची. असा खेळ हैदराबादमध्ये तयार झाला होता हे कुणालाच माहीत नव्हतं. 'याचं संगीत कुणी केलं ते कुणी सांगेल का?' असं अभिजीतने खाली लिहिलं होतं. ती धून श्रुतीने लहानपणी घरात हजार वेळा ऐकली होती. आई पोळ्या लाटताना गुणगुणायची. तिने लगेच उत्तर लिहिलं: माझ्या आईने.

दुसऱ्या दिवशी अभिजीतचा फोन आला. त्याची माधापूरला गेम बनवणारी छोटी कंपनी होती. तोच खेळ त्याला नव्याने, पण जुन्याच धाटणीत करायचा होता. "मॅडम, एकदा याल का? जुन्या धुना मी कॅसेटमधून काढल्यात. ऐकून फक्त बरोबर आहेत का ते सांगा."

"बरोबरच असतील," सुलभा म्हणाली. पण श्रुतीने तारीख ठरवून टाकली, आणि सुलभाला नाही म्हणायलाही काही कारण सुचलं नाही.

मंगळवारी अमीरपेटला मेट्रो बदलून ती माधापूरला पोहोचली. अभिजीत तिशीचा, दाढीवाला, बोलायला भराभर. खोलीत तिघंचौघं कानाला हेडफोन लावून बसलेले. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काँप्युटरवर धून लावली.

सुलभाने शेवटपर्यंत ऐकली.

"कशी वाटली?"

"हे मी केलेलं नाही."

अभिजीतचा चेहरा उतरला. "पण तुमच्या मुलीने—"

"धून माझीच आहे. आवाज माझे नाहीत. मी शहनाई लावली होती तिथे बासरी वाजतेय, आणि बासरीच्या जागी शहनाई."

"मॅडम, त्या चिपमध्ये शहनाई-बासरी नव्हतीच. चौकोनी लाटेचे दोन आवाज, एक त्रिकोणी लाटेचा, आणि एक नुसता खरखरीचा. बस."

"ते मला सांगू नको, बाबा," सुलभा शांतपणे म्हणाली. "मी दोन वर्षं त्याच्यासमोर बसलेली आहे."

तिने सांगायला सुरुवात केली. आवाजात चढउतार नव्हता, वाण्याला यादी सांगावी तसं. पंच्याण्णव साली सिकंदराबाद स्टेशनजवळ एकनाथराव नावाच्या एका गृहस्थांचा टीव्ही गेमचे सेट जुळवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकनाथरावांना एक तरी खेळ स्वतःचा हवा होता, आणि त्यातलं गाणं इथल्या लोकांना ओळखीचं वाटेल असं हवं होतं. ती तेव्हा चोवीस वर्षांची, भजनाच्या कार्यक्रमांना हार्मोनियमची साथ करायची. तिथे डिप्लोमा झालेला एक मुलगा चिपचं काम बघायचा. ती पेटीवर वाजवायची, तो तिचे स्वर आकड्यांत लिहायचा.

"चौकोनी लाट अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद ठेवली की आवाज पोकळ येतो, बासरीसारखा. पाव वेळच चालू ठेवली की नाकातला येतो. ती आमची शहनाई. तू काय केलंस मला माहीत नाही, पण ते उलटं झालंय."

अभिजीतने आकडे पुन्हा पाहिले. कॅसेटमध्ये लिहिलेलं तर तसंच होतं. मग त्याने उठून कपाटावरचा एक जुना सेट काढला. त्याचा खोका फाटका, वायर पिवळी पडलेली. कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीला तो जोडला आणि कॅसेट खुपसली. दोनदा चित्र आलं नाही. तिसऱ्यांदा त्याने कॅसेटच्या पट्टीवर फुंकर मारली तेव्हा पोस्टमन दिसला आणि धून सुरू झाली.

शहनाईच्या जागी शहनाई होती.

खोलीतल्या सगळ्यांनी हेडफोन काढले. अभिजीतने सेट उघडून आतली पट्टी उजेडात धरली. तिच्यावर नेहमीची चिप नव्हतीच, तिच्या जागी काळ्या लाखेचा एक ठिपका होता. "ही नक्कल आहे," तो म्हणाला. "ओरिजिनल चिपची नक्कल करताना कुणीतरी हे दोन आवाज अदलाबदल करून बसलंय. आणि माझं सॉफ्टवेअर ओरिजिनल चिपसारखं वाजवतं. म्हणजे आपल्याकडच्या लाखो पोरांनी ही सगळी गाणी उलट्या आवाजात ऐकली!"

"आम्हाला उलटं-सुलटं काही माहीत नव्हतं," सुलभा म्हणाली. "कानाला जे आलं ते ठेवलं."

तो हसला. तीही हसायला हवं म्हणून हसली.

अभिजीतने ते दोन आवाज बदलले आणि धून पुन्हा लावली. आता खूप जवळ आली होती. सुलभाने डोळे मिटले नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघत ऐकलं.

"गंधार चढा आहे."

"म्हणजे?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली ऋचा म्हणाली, "ग. सा रे ग मधला ग." तीही पुण्याची, लहानपणी गाणं शिकलेली. ती खुर्ची ओढून जवळ आली. "किंचित वर लागतोय, अभि. खरंच."

"अरे हां," अभिजीत म्हणाला. "त्या एका स्वराचा आकडा टेबलात बसत नव्हता. बाकी सगळे बरोबर होते. सा तीनशे नव्व्याण्णव, प दोनशे सहासष्ट. ग मात्र तीनशे एकोणीस होता, हवा होता तीनशे सोळा. लिहिणाऱ्याची चूक असणार म्हणून मी सगळीकडे सोळा करून टाकले."

सुलभाला ती दुपार आठवली.

एकनाथरावांच्या कारखान्यातला पंखा बंद होता, खिडकीतून रेल्वेच्या शंटिंगचा आवाज येत होता. शशिकांतने गणित करून सगळ्या स्वरांचे आकडे कागदावर लिहिले होते आणि तो कागद भिंतीला चिकटवला होता. आकडा जितका मोठा, तितका स्वर खाली. तिने धून ऐकली आणि म्हणाली, ग चढा लागतोय. तो म्हणाला, पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. ती म्हणाली, पुस्तक चढं आहे. तो चिडला नाही. सतरा करून वाजवलं. अठरा. एकोणीसला ती म्हणाली, बस. त्याने कागदावरचा सोळा खोडला आणि एकोणीस लिहिला. त्याला स्वरातलं काही कळत नव्हतं, दोन्ही ग त्याला सारखेच वाटत होते. तरी त्याने खेळातल्या सहाही धुनांतला प्रत्येक ग बदलला, एक एक करून, हाताने. त्याला दोन दिवस लागले.

हे सगळं तिला आठवलं, अगदी त्याच्या शर्टाच्या दुमडलेल्या बाहीसकट. छातीत काहीतरी हलेल म्हणून ती थांबली. हललं नाही. पायाला मुंग्या आल्यावर पाय जड लागतो, तसं मात्र काहीतरी लागलं.

"मॅडम?"

"चूक नाही ती," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं. एकोणीस कर."

त्याने केलं. ऋचा मान हलवत राहिली.

सगळं ऐकून झाल्यावर अभिजीतने नवी गोष्ट काढली. खेळाच्या शेवटी त्याला एक टप्पा वाढवायचा होता. पत्रं वाटून संपली आहेत, पिशवी रिकामी आहे, पोस्टमन सायकलवरून परत निघालाय. त्यासाठी सातवी धून हवी होती. "आता कसलीच अडचण नाही, मॅडम. तुम्ही म्हणाल तेवढे आवाज देतो. खरी शहनाई, खरी ढोलकी."

"नक्को," सुलभा म्हणाली. हैदराबादी 'नक्को' ऐकून अभिजीतला पुन्हा हसू आलं. "तेवढेच आवाज दे. दोन, एक आणि खरखर."

"का पण?"

तिने थोडा विचार केला. "जास्त आवाज असले की मला आता काही सुचणार नाही."

तीन मंगळवार ती गेली. पेटी नेली नाही, ऋचाच्या टेबलावरच्या छोट्या कीबोर्डवर वाजवून दाखवत होती. ऋचा स्वर ओळखायची, अभिजीत आकडे भरायचा. काम हळू चालायचं. ढोलकी कशी करायची ते अभिजीतला ठाऊक होतं, पण तिच्या पद्धतीने नाही. ती म्हणाली, त्रिकोणी लाटेचा स्वर एकदम वरून खाली घसरव, डग्ग्यावर घिस्सा मारल्यासारखा.

"पण त्याच आवाजावर तुमचा खर्ज चाललाय," अभिजीत म्हणाला. "ढोलकी वाजली की खर्ज तुटणार."

"तुटू दे. क्षणभराचाच आहे. ऐकणाऱ्याला कळत नाही, कान भरून काढतो."

त्याने करून पाहिलं. खरोखरच खर्ज सलग वाटत होता. तो तेवढा भाग पाच-सहा वेळा ऐकत बसला. "काकू, हे सॉफ्टवेअर शिकवत नाही," तो म्हणाला. मॅडमची काकू केव्हा झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या मंगळवारी मध्येच ती अडकली. दुसरा अंतरा वाजवून झाला आणि पुढे काय हेच कळेना. अर्धा तास ती कीबोर्डसमोर बसून राहिली. ऋचाने चहा आणला. तिला वाटलं काकूंना घर आठवलं असेल, म्हणून हळूच विचारलं, "घरी सोडू का?"

"घरी जाऊन काय करू?" सुलभा म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, खरोखरच विचारत होती. मग तिने सुरुवातीचीच ओळ अर्ध्या लयीत वाजवली, आणि मागून तीच ओळ दुसऱ्या आवाजात, हलकी, चार मात्रा उशिरा. "हे घे. पडसाद. चिपला पडसाद येत नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या आवाजाला मागून तेच म्हणायला लावायचो."

"मग त्या आवाजावरचा खालचा सूर राहील रिकामा," अभिजीत म्हणाला.

"राहू दे रिकामा."

तिसऱ्या मंगळवारी धून पुरी झाली. जेमतेम पन्नास सेकंदांची. जुन्या सेटवर वाजवून पाहिली तेव्हा ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती लाजून बाहेर गेली. सुलभा आकडे तपासत होती. एके ठिकाणी ग सोळाचा राहिला होता, तो तिने बदलून घेतला.

निघताना अभिजीतने विचारलं, "शेवटी नावं येतात, काकू. संगीत सुलभा उमरीकर, एवढंच घालू ना?"

"संगीत माझं," ती म्हणाली. "खाली अजून एक ओळ घाल. आकडे: शशिकांत उमरीकर."

"आकडे?"

"हौ. आकडे."

त्याने कागदावर लिहून घेतलं आणि स्पेलिंग विचारलं. तिने एक एक अक्षर सांगितलं. नोव्हेंबरपासून हे नाव तिने बँकेत, म्युनिसिपालिटीत, वीज खात्यात कितीतरी अर्जांवर लिहून दिलं होतं. प्रत्येक ठिकाणी पुढे 'कैलासवासी' जोडावं लागत होतं. इथे जोडावं लागलं नाही.

जुलैत खेळ आला. श्रुती नवऱ्याला, गौतमला घेऊन रविवारी घरी आली आणि त्याच्या फोनवर तो सुरू केला. गौतमला काही जमेना. कुत्रं दर वेळी त्याच कोपऱ्यावर चावायचं. श्रुती शेजारी बसून आरडाओरडा करत होती. सुलभा मागे उभी राहून बघत होती.

"डावीकडून घे," ती म्हणाली. "भिंतीला चिकटून."

त्याने तसं केलं आणि पोस्टमन पुढे गेला. दारावरची बेल वाजली. हार्मोनियम शिकणाऱ्या दोन मुली उभ्या होत्या, अजून बंदच आहे का ते विचारायला. सुलभाने क्षणभर विचार केला.

"बुधवारपासून या," ती म्हणाली, "पाच वाजता. वही आणा."

दार लावून ती आत आली. श्रुती म्हणत होती की शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचायला अजून तासभर तरी लागेल. सुलभा भाजी चिरायला बसली.