गुण आला म्हणजे काय

माझी अक्का, नागलक्ष्मी, चौदा वर्षं गुडघ्यांच्या संधिवातानं बेजार. त्र्याण्णव साली ती पापनाशमच्या एका बाईंकडून ध्यान शिकून आली. सकाळी डोळे मिटून, गुडघ्यांवर लक्ष ठेवून बसायची. चार महिन्यांत बया माडीचा जिना चढायला लागली! मला चैन पडेना. हे होतं तरी कसं? मी राजवाड्याजवळ टायपिंगचा क्लास चालवते. मशीन अडलं की उघडून बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. रोज विचारायची, "अक्का, झालं ना बरं?" ती म्हणायची, "गुण आला गे, वत्सला."

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरात कुठला शब्द मराठी नि कुठला तमिळ, देव जाणे. मराठीत गुण येणं म्हणजे थोडा उतार पडणं. तमिळमध्ये 'गुणम्' म्हणजे साफ बरं होणं. माझी शाळा सगळी तमिळमध्ये झालेली, मी ऐकलं ते तमिळ.

मग एक दिवस मोरीत घसरून उजव्या हातावर पडले. मनगट टम्म सुजलं. माझे यजमान नटराज स्कूटर काढायला धावले. मी म्हटलं, "थांबा हो! चौदा वर्षांचं दुखणं गेलं, हे तर कालचं पोर!" अक्का घाबरली. "डॉक्टरला दाखव गे, हे वेगळं." पण ऐकेल ती मी कसली? खरं सांगते, हाताच्या काळजीपेक्षा बघायची हौसच दांडगी होती.

पाच दिवस अक्काच्या शेजारी बसले, मनगटावर लक्ष ठेवून. आणि काय सांगू, ठणका खरंच कमी झाला! सूजही उतरली. सहाव्या दिवशी ऐटीत मशीनपुढे बसले. बोटं चालली, पण शब्दामागं जागा सोडायची पट्टी अंगठ्यानं दबेना. कागदावर सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले. तशीच उठले नि यजमानांना स्कूटर काढायला सांगितली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. अंगठ्याखालचं हाड मोडलेलं, आणि हलवून हलवून सरकलेलं. "दुखणं कमी झालं म्हणजे हाड जुळलं, असं कोण म्हणालं तुम्हाला?" आता ऑपरेशन. अंगठा पहिल्यासारखा चालेल याची हमी नाही म्हणाले. त्या अंगठ्यावर माझा क्लास उभा होता.

बाहेर बाकावर अक्का रडत होती. मला राग आवरेना. "तूच म्हणायचीस ना, गुण आला म्हणून!"

"आला की. गुडघे दुखतातच गे, अजून दुखतात. त्यांच्याशी भांडत नाही मी, म्हणून जिना चढता येतो."

"मग बरं झालं नाही, असं एकदा तरी सांगायचं होतंस!"

अक्कानं पदरानं डोळे पुसले. "तू रोज किती हौसेनं विचारायचीस गे. नाही म्हणवेना मला."